हिरवे खडे पडले, यकृत आहे तसंच

'यकृत साफ करून देतो' म्हणणाऱ्यांचं पहिलं वाक्य खरं असतं, म्हणूनच शिकलेली माणसंही फसतात. आतड्यातलं जिवाणूंचं विष यकृतात जातं, हे खरंच आहे. यकृताला मिळणारं सुमारे 70 ते 75 टक्के रक्त मुख्यतः आतड्यांकडूनच येतं. दारूमुळे आतड्याचं अस्तर झिरपू लागलं, की ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष त्या रक्तातून यकृतात पोचतं. तिथल्या कुफर पेशी (यकृतातल्या संरक्षक पेशी) त्यांच्यावरच्या टीएलआर-4 या ग्राहीमार्फत (रिसेप्टरमार्फत) ते ओळखतात आणि टीएनएफ-आल्फासारखे दाहक संदेश सोडतात. हे वर्षानुवर्षं चाललं, की यकृतातल्याच स्टेलेट पेशी कोलॅजन (व्रणासारखे तंतू बनवणारं प्रथिन) तयार करू लागतात आणि यकृत कडक होत जातं.

लबाडी इथून पुढे सुरू होते. विक्रेता म्हणतो, 'विष साठलंय, धुऊन काढू.' पण एंडोटॉक्सिन काही टाकीतल्या गाळासारखं तळाशी बसत नाही. कुफर पेशीच ते गिळून टाकतात. इजा होते ती मुख्यतः पेटत राहिलेल्या दाहामुळे, आणि दाह काही जुलाबावाटे पडत नाही.

पुरावा म्हणून शौचातले हिरवे खडे दाखवतात. रात्री ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि एप्सम सॉल्ट (जुलाब आणणारं मीठ) पाजलेलं असतं. तेल आणि लिंबरस यांच्यापासून पोटातच साबणासारखे गोळे बनतात. असे खडे तपासले तेव्हा त्यांत कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच नव्हतं; 40 अंश सेल्सिअसला ते वितळले. यकृत आजारी नसलं तरी ते पडतातच!

दुसरी चलाखी रक्ततपासणीची. 'यकृत साफ करणारी' पुडी देताना दारू आणि साखरही बंद करायला लावतात. एएलटी हे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम; त्याचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) जेमतेम दोन दिवसांचं, त्यामुळे दारू सुटली की आकडा आपोआप उतरतो. श्रेय पुडीला! शिवाय सिरोसिसमध्येही (यकृत कडक होण्याच्या शेवटच्या टप्प्यातही) एएलटी नॉर्मल असू शकतं. खरी अवस्था प्लेटलेट, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) यांवरून कळते, आणि नेमक्या याच तपासण्या पॅकेजमध्ये नसतात.

घटकही वाचा. ग्रीन टीचा अर्क मोठ्या मात्रेत (त्यातला ईजीसीजी हा मुख्य घटक दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त) यकृताचीच एन्झाइमं वाढवू शकतो.

पुडी चालू असताना डोळे पिवळे झाले, बोलणं असंबद्ध झालं, पोट फुगलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर 'विष बाहेर पडतंय' असं सांगून दुसरा डबा गळ्यात मारतात. पुडी तिथेच थांबवा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि डबा सोबत न्या. डॉक्टरांना घटक पाहावे लागतात.