डिसेंबरच्या कागदावर ३९ अंश

मी सावद्याचा. घरची केळीबाग आहे, आणि २०२० सालची एक लिटरची टर्बो पेट्रोल पोलो, सहा गिअरची मॅन्युअल. मागच्या वर्षी केळीला भाव बरा मिळाला, तेव्हा अप्पांना विचारून त्यातले अडीच लाख मी गाडीवर घातले. रोज जळगावला ये-जा करता यावी आणि हिवाळ्यात धावपट्टीवरच्या ४०२ मीटरच्या शर्यतीतही उतरवता यावी, अशी गाडी मला हवी होती. ते पैसे कसे गेले, हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडची बरीच पोरं आता याच वाटेनं निघाली आहेत.

ट्यूनर, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणारा, मोठ्या शहरातला. ओळखीतूनच नाव कळलं होतं. त्यानं तोंडी हिशोब सांगितला: हायब्रिड टर्बो (इंजिनात दाबानं हवा भरणारा कंपनीचाच टर्बो उघडून आत मोठी पाती) १,१०,०००, जाड क्लच ४५,०००, डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी) ३५,०००, इसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, नवा मॅप (सेटिंग) ४५,००० आणि मजुरी १५,०००. कंपनीची ताकद ११० पीएस (अश्वशक्ती), ती १७० च्या वर जाईल म्हणाला. "भाऊ, गाडी सोडून जा, निवांत राहा." पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यावर यूपीआयनं गेले. बिल मागितलं तर म्हणाला, मॉडिफिकेशनचं बिल कोणी करत नाही, उद्या तुलाच अडचण होईल. मला ते पटलं. माझी पहिली चूक हीच.

दिवाळीनंतर दिलेली गाडी डिसेंबरात मिळाली. सोबत डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा, रंगीत कागद: १७२.४ बीएचपी (अश्वशक्ती). चालवून पाहिली तर खरंच अंगावर आली. पाय टेकवला की झेप. भुसावळपर्यंत आलो तोवर मी पुरता खूश होतो.

ही झेप कशी आणतात ते नीट समजून घ्या. आजच्या गाडीत ॲक्सिलरेटरची तार थेट इंजिनापर्यंत जात नाही. पाय किती दाबला हे इसीयू वाचतो आणि थ्रॉटल किती उघडायचा ते तोच ठरवतो. तिथला तक्ता बदलला की अर्धा पाय दाबल्यावर थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडतो. गाडी चपळ वाटते, पण पूर्ण पाय दाबल्यावर ताकद होती तेवढीच राहते. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या गाडीत झालेलं मुख्य काम तेच होतं.

हे उघडं पडलं ते जानेवारीत, धावपट्टीवर. तिथं प्रत्येक धावेनंतर हातात स्लिप मिळते. तिच्यावरचा वेळ बराचसा चालवणाऱ्यावर अवलंबून असतो: क्लच कसा सोडला, पहिल्या गिअरला टायर फिरले का, हवा किती ठेवली होती. पण शेवटची रेषा ओलांडतानाचा वेग मुख्यतः इंजिनाची ताकद आणि गाडीचं वजन सांगतो. सुटताना थोडं चुकलं तरी तो फार हलत नाही. गाडी आणि मी मिळून साधारण साडेअकराशे किलो. एवढं वजन १७० अश्वशक्तीनं ओढलं तर शेवटी ताशी १५० च्या आसपास वेग यायला हवा, कंपनीच्या ताकदीवर १३० च्या आसपास. मी चार धावा केल्या. सगळ्यात चांगली १६.९ सेकंदांची, शेवटचा वेग १३४.

शेजारी उभ्या नाशिकच्या एका मुलानं माझी स्लिप पाहिली आणि म्हणाला, "दादा, गाडी स्टॉकच दिसतेय." म्हणजे कंपनीतून आली तशीच. मला राग आला. रात्री खोलीवर डायनोचा कागद पुन्हा उघडला, तेव्हा पहिल्यांदा वरचा छोटा रकाना वाचला. हवेचं तापमान ३९ अंश. डिसेंबरात! त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी शेकोटीशिवाय बागेत जाववत नाही. तो कागद कुणाच्या तरी गाडीचा, उन्हाळ्यातला होता.

भुसावळला एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी गाडी वर घेतली. टर्बोच्या कंप्रेसरकडच्या बोल्टवर कारखान्यात पिवळ्या रंगाची रेघ मारलेली असते, अर्धी बोल्टवर आणि अर्धी बॉडीवर. बोल्ट एकदा जरी फिरला तरी रेघ तुटते. चाचांनी टॉर्च धरला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "याले कोनी पाना लावेल नाही, भो." रेघ सरळ होती. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टवर तर पावसाळ्यातला आमच्या मळ्याचा काळा चिखल वाळून बसलेला होता. गिअरबॉक्स खाली न उतरवता क्लच बदलता येत नाही. म्हणजे १,५५,००० इथेच गेले.

बदललेला होता तो फक्त डाउनपाइप, आणि त्यात मला सगळ्यात जास्त लुटलं. कंपनीच्या पाइपात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, म्हणून भंगारातही त्याला चांगला पैसा येतो. माझा काढून घेतला आणि जागी साधी पोकळ नळी जोडली. इंजिनाचा दिवा पेटू नये म्हणून मॅपमध्ये मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तक्रारच बंद करून ठेवली. म्हणजे माझी वस्तू नेली, वर ३५,००० घेतले, आणि गाडी पीयूसीला नापास होईल अशी करून दिली.

फोन केला. दोनदा गोड बोलला. तिसऱ्यांदा म्हणाला, "तक्रार कर ना, तुझीच गाडी जप्त होईल." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, हे त्याला पाठ आहे. बिल का देत नाही, ते मला तेव्हा कळलं. आपण भीतीनं गप्प बसणार यावरच या लोकांचा धंदा चालतो. मी गप्प बसलो नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआयच्या नोंदी, स्लिप आणि बोल्टचे फोटो जोडले. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, त्याची तयारी सुरू आहे. कंपनीचा पाइप मी परत बसवतोय, खर्च माझाच.

तुम्ही काम करून घेणार असाल तर गाडी देण्याआधी तिचा स्वतःचा डायनो काढून घ्या, तुमच्यासमोर, त्याच मशीनवर. काम झाल्यावर पुन्हा तिथेच. काढलेला प्रत्येक जुना भाग, कॅटसकट, हातात घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पिवळ्या रेघांचे फोटो आधीच काढून ठेवा. आणि कुणाकडे १७२.४ चा, ३९ अंशांचा तोच कागद आला असेल, तर मला जरूर कळवा. माझा मी जपून ठेवलाय.