संपसाठी ॲक्रिलिक: कास्ट की एक्स्ट्रुडेड?

संप म्हणजे फिशटँकखाली ठेवायची फिल्टरची टाकी. ती काचेची की ॲक्रिलिकची हा वाद इथे काढत नाही, तुम्ही ॲक्रिलिकचं ठरवलंय असं धरूनच लिहितोय. आता राहिलं कास्ट शीट घ्यायची की एक्स्ट्रुडेड. मी दोन्हीचे संप बनवलेत आणि दोन्ही अजून पाणी धरून आहेत, त्यामुळे एक्स्ट्रुडेडला एकदम नावं ठेवणार नाही.

उलट जाडीच्या बाबतीत एक्स्ट्रुडेडच उजवी. ती डायमधून, म्हणजे साच्याच्या फटीतून, दाबून काढतात म्हणून इकडून तिकडे माप बऱ्यापैकी सारखं भरतं. कास्ट दोन काचांच्या मधे ओतून बनते, 6 मिमी म्हणून आणलेली शीट एका कोपऱ्यात पावणेसहा आणि दुसऱ्या कोपऱ्यात सहाच्या वर भरली तर आश्चर्य नको. बॅफल (संपाच्या आतले कप्पे करणारे पडदे) खाचेत बसवणार असाल तर हे डोकं खातं, नुसते उभे चिकटवणार असाल तर फारसं अडत नाही. शिवाय एक्स्ट्रुडेड स्वस्त पडते आणि सॉल्व्हंट (जोड चिकटवायचं द्रावण) पटकन पिते, जोड भराभर धरतो.

मग माझं मन उडालं कशावरून तर कापण्यावरून. एक्स्ट्रुडेड कमी तापमानालाच मऊ पडते, त्यामुळे पातं जरा तापलं की भुसा उडतच नाही, च्युइंगगमसारखा दातांना चिकटतो, आणि पातं पुढे सरकतंय तोवर मागची फट परत जुळायला लागते, म्हणजे कापलेलं परत कापा. बल्कहेडचं (टाकीच्या भिंतीतून पाइप काढायच्या जोडाचं) भोक तर त्याहून वैताग. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) थोडा फिरवा, थांबा, पाणी मारा, दातांतला गोळा टोकदार काहीतरी घालून उकरा, परत फिरवा. एवढं करून भोकाच्या कडेला वितळलेल्या मालाची वळी उरतेच, ती तासून सपाट केल्याशिवाय गॅस्केट नीट बसत नाही.

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही हो. डायक्लोरोमिथेनवालं पातळ सॉल्व्हंट फट भरत नाही, ते दोन कडांच्या मधे आपोआप ओढलं जातं आणि प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. कड वितळून लाटालाटांची झाली असेल तर जोडात बुडबुडे राहणारच. वर तापलेल्या कडेत ताण अडकतो, तिथे सॉल्व्हंट किंवा पुसायला घेतलेलं स्पिरिट लागलं की केसासारख्या बारीक रेषा उमटतात. साधारण 80 अंशाला भट्टीत ठेवून सावकाश थंड केलं की ताण जातो म्हणतात ते खरं आहे, पण संपाच्या लांबीची भट्टी घरी कोणाकडे असते?

कास्टचं तसं नाही, कोरडा पांढरा चुरा पडतो, कड सुरीच्या पाठीने खरवडली की जोडायला तयार. बोथट पात्याने रेंगाळत कापली तर कास्टसुद्धा वितळते म्हणा, पण ती बरंच सहन करते. रेषा तिच्यातही येऊ शकतात, माझ्या संपात तरी भोकाभोवती अजून दिसल्या नाहीत.

ओळखायची कशी हा प्रश्न येतोच. कागद लावलेली ती कास्ट आणि प्लास्टिक फिल्मवाली ती एक्स्ट्रुडेड असं सगळे सांगतात, बऱ्याचदा जुळतंही, पण त्यावर विसंबू नका. लेझरने अक्षर कोरलं तर कास्टवर पांढरं धुकट उमटतं, एक्स्ट्रुडेडवर पारदर्शकच राहतं. लेझर नसेल तर एक तुकडा मागून घ्या आणि ड्रिल मारून बघा, चुरा पडतो की तार निघते ते लगेच कळेल.

शीट मशीनवर कापून मिळणार असेल, भोकं पाडायची नसतील आणि संप बुटका असेल तर एक्स्ट्रुडेड घ्यायला हरकत नाही, पैसे वाचतात. मीडिया रॅक (फिल्टरचा माल ठेवायचं फडताळ), डिव्हायडर असल्या किरकोळ कामाला मी आजही तीच वापरतो. झाकणाला मात्र दोन्ही सारख्याच, खालून दमट आणि वरून कोरडं म्हटल्यावर पातळ झाकण वाकणारच.

घरच्या हत्यारांवर कापणार असाल आणि एकतरी बल्कहेड असेल तर मी तरी कास्टच घेईन. फूटभर पाण्याला 6 मिमी आणि वरून चारी बाजूंनी पट्टी, एवढ्यावर माझा संप फुगलेला नाही. डिस्प्ले टँक (मासे ठेवायची मुख्य टाकी) करायचा असेल तर जाडी वाढवा, आणि तिथे एक्स्ट्रुडेडचा विचारसुद्धा नको. चिकटवताना खिडक्या सगळ्या उघड्या ठेवा, ती वाफ चांगली नाही.