सांगलीत इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक घ्यायचे-विकायचे असतील तर हरभट रोडजवळचं हे दुकान

आधीच सांगतो, दुकानाला बोर्ड नाही. हरभट रोडवरून आत गल्लीत वळलं की झेरॉक्सवाल्याच्या शेजारी गाइडं, सेकंडहँड दहावीची पुस्तकं, वर्तमानपत्राचे गठ्ठे असं सगळं पायरीपर्यंत उतू आलेलं दिसतं, तेच. बाहेरून रद्दीचं दुकान वाटतं आणि निम्मं आहेच. कॉमिक्स आत लोखंडी कपाटात असतात आणि नुसतं 'काका जुनी कॉमिक्स आहेत का' विचारलं तर दुकानदार काका समोरचा चाचा चौधरीचा ढीग दाखवून मोकळे होतात. 'इंद्रजाल, मराठी' असं स्पष्ट म्हणायचं. मग किल्ली निघते.

मराठी म्हणायचं कारण असं की इंग्रजी इंद्रजाल पुण्या-मुंबईत पण मिळतात, ऑनलाइन तर ढिगानं. इंग्रजी अंक घेणारी घरं म्हणजे वाचून झालं की कपाटात नीट ठेवणारी, काही तर बाइंडिंग करून ठेवणारी. मराठी अंकांचं तसं नव्हतं, ते वाचनालयातनं भाड्यानं फिरले, एसटीत विसरले, चार भावंडांनी ओढून फाडले, उरलेले भेळवाल्याकडं गेले. त्यामुळं धड कव्हर, दोन्ही पिना जागेवर, मधलं पान शाबूत अशी मराठी प्रत म्हणजे नशीब लागतं. काकांकडं तासगाव, विटा, इस्लामपूर, मिरज असा सगळीकडून माल येतो, बंद पडलेल्या वाचनालयांचे लॉट, जुन्या वाड्याची आवराआवर झाली की त्यातले गठ्ठे. म्हणून इथं जायचं ते मराठीसाठी. इंग्रजीसाठी इथवर पेट्रोल जाळू नका.

काकांना माल कळतो का हे बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मुद्दाम १२३ नंबर मागितला. काकांनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "तो छापलाच नाही की हो. १२४ पण नाही. संप होता तवा टाइम्समध्ये." बास, मी स्टूल ओढून बसलो. नवीन लोकांसाठी सांगतो, इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ ला सुरू केलं, किंमत ६० पैसे, पहिले ३२ अंक सगळे वेताळाचे (म्हणजे फँटम), ३३ पासून जादूगार मँड्रेक वगैरे मंडळी आली आणि १९९० ला बंद पडलं. १२३ आणि १२४ हे दोन नंबर संपामुळं निघालेच नाहीत. तरी ऑनलाइन '१ ते ४४३ कंप्लीट, एकही गॅप नाही' अशा जाहिराती बघितल्यात मी, त्यांना १२३ चा फोटो टाका म्हटलं की दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब. ४४३ नंतर नंबर परत १ पासून का दिसतात हेही लोक विचारतात. ते १९८३ पासून वर्षाप्रमाणं खंड २० अंक १ असं छापायला लागले म्हणून, खंड २७ पर्यंत गेलं ते. लॉट घेताना हे माहीत पाहिजे, नाहीतर खंड २० चा अंक १ कुणीतरी 'पहिला अंक' म्हणून गळ्यात मारतो.

आता दुकानाची खरी खासियत. काका प्रत हातात देण्याआधी स्वतः तपासतात, तुमच्यासमोर. टेबलावर एक जुनं धोतराचं फडकं अंथरलेलं असतं, त्यावर अंक ठेवून आधी मधोमध उघडणार, पिनेजवळ अंगठा फिरवून गंज बघणार, मग पानं मोजणार, मग कव्हर ट्यूबलाइटसमोर धरणार, म्हणजे पाठीमागनं कागद चिकटवलाय का ते दिसतं. मग मागची जाहिरात. कॅमलच्या रंगस्पर्धेचं कूपन कापलेले अंक लय असतात, आणि कूपन कापलं म्हणजे पलीकडच्या बाजूची गोष्टीतली चित्रं पण गेली. हे सगळं झाल्यावर सांगतात, "पूर्ण आहे, पण वरची पिन नंतर मारलेली आहे, आणि शिक्का आहे आत." न विचारता! फोटोत ऊन लावून रंग चकाचक दाखवणाऱ्या आणि 'मिंट कंडिशन सर' म्हणणाऱ्या जमान्यात असा विक्रेता मिळणं अवघड आहे. मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडनं कलर झेरॉक्सचं कव्हर मारलेली प्रत आली होती, आतली पानं ओरिजिनल आणि वर गुळगुळीत नवा कागद, परत घ्यायला तयार नव्हता तो. काकांकडं एक प्रत तशीच होती पण त्यावर चिठ्ठी होती 'कव्हर नक्कल' आणि ती ४० रुपयाला, वाचायला म्हणून. एवढाच फरक असतो.

पुराचा विषय काढल्याशिवाय सांगलीतल्या जुन्या कागदाबद्दल बोलताच येत नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, हरभट रोड, मारुती चौक सगळं पाण्यात, त्याच्या आधी २००५ आणि नंतर २०२१. किती घरांतली कपाटंच्या कपाटं गाळात गेली ह्याचा हिशोब नाही. आता बाजारात त्या पुरातली वाळवलेली कॉमिक्स येतात आणि बाहेरगावच्या माणसाला पटकन कळत नाही. पानं लाटेसारखी झालेली असतात, खालच्या कडेला पिवळट मातकट रेघ असते आणि वास घेतला तर संपला विषय. काका असल्या प्रती वेगळ्या बांधतात, वर पेन्सिलीनं 'पूर' लिहिलेलं असतं. त्यातली मी घेतो कधीकधी, कारण काही अंक तसेसुद्धा बघायला मिळत नाहीत. पण घरी नेऊन चांगल्या प्रतींशेजारी अजिबात ठेवू नका, बुरशी पसरते. त्यांचा चांगला माल माडीवर आहे, पुराच्या अनुभवानंच.

रेटचं म्हणाल तर मला पटले, काही ठिकाणी जास्त वाटले. ऐंशीच्या दशकातले वेताळ, मँड्रेक, साधी कंडिशन, दीडशे-दोनशे. सत्तरचे चारशे-पाचशेच्या आसपास, प्रत बघून. दोन आकडी नंबरचे मराठी अंक आले तर काका फोन लावून कुणालातरी विचारतात आणि मग रेट एकदम हजारांत जातो, तिथं घासाघीस चालत नाही. बहादूरला मागणी वाढलीय म्हणतात, खरं पण आहे ते, आबिद सुरतींनी १९७६ ला आणलेला आपला देशी हिरो, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून चंबळच्या डाकूंशी लढणारा, आणि गोविंद ब्राह्मणियांची ती चित्रं! माझ्या मते वेताळाच्या मानानं अजून स्वस्तच आहे तो.

एक गंमत, अमर चित्र कथेत काकांना रस नाही. सगळ्याला एकच रेट, मग ती जुनी छपाई असो नाहीतर नंतरची ५०० च्या पुढचे नंबर टाकलेली जाड कव्हरची. ज्याला छपाई ओळखता येते त्याची चंगळ आहे, आतली किंमत आणि नंबर बघत बसा तासभर. (आणि इंग्रजीतले १ ते १० शोधू नका, ते नंबर कन्नडमधल्या परदेशी परीकथांना गेलेत, इंग्रजी मालिका ११ नंबरच्या 'कृष्ण'पासून सुरू होते.) राज कॉमिक्स पण पडलेली असतात, पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढलेले सुरुवातीचे नागराज १९८६ चे, ते मिळाले तर सोडू नका.

विकायला जाणार असाल तर अपेक्षा कमी ठेवा. काका विक्रीच्या रेटच्या एक तृतीयांश देतात, अगदी चांगल्या प्रतीला थोडं वर. ऐकून तोंड कडू होतं पण पैसे तिथल्या तिथं, आणि एकदा आकडा बोलले की नंतर 'अहो हे पान सैल आहे' करून पाडत नाहीत. बदलीत द्यायचं असेल तर निम्म्याला धरतात. माझे डुप्लिकेट मी बदलीतच देतो. मोठा सेट मात्र इथं विकू नका, तो सरळ जमवणाऱ्याला द्या, वेळ लागेल पण दुप्पट मिळतील. आणि सेट फोडायला त्यांच्याकडं दिलात तर वेताळ आधी जाणार आणि रिप किर्बी, बझ सॉयर असले इंद्रजालमधले कमी मागणीचे हिरो तुमच्याच गळ्यात परत येणार हे लक्षात ठेवा.

मी बसलो होतो तेव्हा एकजण पिशवीत नव्वदच्या दशकातली अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स घेऊन आला, कुठंतरी वाचलं होतं त्यानं की सुपरमॅन पहिल्यांदा आला तो अंक ६० लाख डॉलरला गेला. गेलाय खरा, २०२४ ला, अॅक्शन कॉमिक्स नंबर १. पण तो १९३८ चा, मूळ किंमत १० सेंट, आणि तिकडं प्रतीला १० पैकी मार्क देऊन प्लास्टिकच्या डबीत सील करणाऱ्या कंपन्या आहेत. नव्वदचे अंक लाखोंनी छापलेले आणि लाखोंनी जपलेले, कुणाला पाहिजेत. काकांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "पोरांना वाचाय द्या की." माणूस जरा हिरमुसला पण पिशवी घेऊन गेला. दुसरा असता तर शंभर रुपयात सगळं उचललं असतं.

तक्रारी आहेत. किमतीचा स्टिकर थेट कव्हरवर लावतात, काढताना रंग निघतो, मी सांगून सांगून थकलो, आता माझ्यासाठी बाजूला काढलेल्या अंकात चिठ्ठी घालतात पण बाकीच्यांना स्टिकरच. गठ्ठ्याला रबर लावतात ते कडेला रुततं. सेलोटेपनं 'दुरुस्त' केलेल्या प्रती असतात, टेप दहा वर्षांत तपकिरी होऊन कागद खातो, असली प्रत फुकट दिली तरच घ्या. आणि कपाटात डांबरगोळ्या इतक्या की घरी आणल्यावर चार दिवस बाहेर हवेशीर, पण उन्हात नाही, असं ठेवावं लागतं. कसर लागण्यापेक्षा बरं म्हणायचं.

कुरिअर करत नाहीत, फोटो पाठवत नाहीत, त्यामुळं यावंच लागतं. दुपारी एक ते चार बंद. जून-जुलैत शाळेच्या पुस्तकांची गर्दी असते तेव्हा कपाट उघडायची आशा सोडा, दिवाळीनंतर जा, घरं आवरून झालेली असतात आणि नवा माल आलेला असतो. सुट्टे न्या किंवा फोनवरनं द्या, दोन्ही चालतं. सध्या वरच्या कप्प्यात चांदोबाचा एक मोठा लॉट आहे, वाचनालयाचा शिक्का आहे पण पानं पूर्ण, कुणाला हवा असेल तर लवकर बघा. खालच्या कप्प्यातल्या बहादूरांना हात लावू नका, ते मी सांगून ठेवलेत.