"नेट नसलं तरी चालतं" म्हणून घेतलेला मीडिया सर्व्हर आणि माझे ३३,९९९ रुपये

मीडिया सर्व्हर म्हणजे आपल्या डिस्कवरचे व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर दाखवणारा छोटा कॉम्प्युटर. आधी हिशोब सांगतो. छोटा बॉक्स आणि ८ टीबीची हार्ड डिस्क मिळून २७,०००, 'लाइफटाइम लायसन्स' म्हणून ४,५०० आणि नंतर रीॲक्टिव्हेशनच्या नावाखाली २,४९९. झाले ३३,९९९. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पेठेतला एक गाळा आहे, लॅपटॉप रिपेअरचा बोर्ड आहे, आणि पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याचे मेसेज फिरत असतात, तेवढ्यावरून ज्यांना ओळखायचं त्यांनी ओळखा.

मला हे का हवं होतं, तर आमच्या रस्त्यावर कायम खोदकाम, आज ड्रेनेज उद्या केबल, आणि फायबर तुटली की दोन-दोन दिवस नेट नाही. घरात बहिणीच्या लग्नाची, पोराच्या मुंजीची कॅसेटवरून कन्व्हर्ट केलेली शूटिंग होती, बाबांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग होती, आईला ती टीव्हीवर लागायला हवी होती. दुकानवाल्याला पहिल्यांदा विचारलेला प्रश्नच हा की नेट गेलं तर चालेल का. तो म्हणाला, "दादा, टेन्शनच घेऊ नका, डेटा तुमच्या घरात, नेटचा संबंधच काय?" आणि घरी येऊन डेमो दिला, पिक्चर चालू असताना राउटरची फायबर काढली, पिक्चर चालूच राहिला. आई पण बघत होती. आता कळतं की त्यात काहीच सिद्ध होत नाही, लॉगिन आधीच झालेलं असतं आणि चालू पिक्चर घरातल्या वायफायवरूनच येतो. फायबर काढून बॉक्स आणि टीव्ही दोन्ही बंद करून परत चालू करायचे, मग बघायचं. ही टेस्ट करायला लावा, समोरचा लगेच घाई असल्याचं सांगायला लागेल.

पण खरी माझी सटकते ती दुसऱ्याच गोष्टीवर. टीव्हीवर ॲप उघडलं तेव्हा चार अक्षरी कोड आला, तो त्यानं स्वतःच्या मोबाइलवर टाकला. मी म्हटलं माझा ईमेल देऊ का, तर म्हणाला "नको, सगळं माझ्याकडून कॉन्फिगर होतं." ठीक आहे. मग डाव्या बाजूच्या मेनूत माझ्या सर्व्हरच्या खाली आणखी नावं दिसली. 'काका होम', 'बाणेर २', 'डॉ. मॅडम'. मी एकावर क्लिक केलं तर कुणाच्या तरी बारशाचा व्हिडिओ. अख्ख्या अनोळखी कुटुंबाचं बारसं माझ्या हॉलमध्ये चालू! विचारलं तर म्हणे "डेमो लायब्ररी आहे दादा, हाइड करून देतो." आणि केलं पण हाइड. तिथंच त्याला बॉक्ससकट जिन्यावरून खाली पाठवायला हवं होतं. पण मी आयटीवाला नाही, बँकेत आयुष्य गेलं माझं, आणि शेजारच्या काकांनी त्याच्याकडूनच घेतलेला, त्यांचा व्यवस्थित चालत होता, मग माणूस संशय घेणार तरी कशावरून? मला त्यांचं बारसं दिसत होतं म्हणजे त्यांना आमची मुंज दिसत होती, हे डोक्यात यायला फार उशीर झाला.

प्रकार असा होता. यानं एकच अकाउंट काढून त्यावर गिऱ्हाइकांचे सगळे सर्व्हर चढवले होते. बॉक्समधलं व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर ते बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर लॉगिन करूनच चालतं, आणि लायसन्स मशीनला नसतं, अकाउंटला असतं. म्हणजे प्लॉटचे पैसे मी भरावे आणि सातबाऱ्यावर नाव त्याचं असावं, तसं झालं. ते ४,५०० पण लायसन्सचे नव्हतेच, कंपनीच्या साइटवर लाइफटाइमचा भाव डॉलरमध्ये दिलाय आणि तो याच्या कितीतरी पट आहे. तुमच्या ॲपच्या कंपनीची साइट बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

मग एका गुरुवारी लाइट गेली, आली, आणि टीव्हीवर 'साइन इन करा'. त्याचं अकाउंट कंपनीनं बंद केलेलं. डिस्क माझ्या टीव्हीखाली गरगर फिरतेय आणि आई विचारतेय, "अरे, ह्यांचं कीर्तन का लागत नाहीये?" त्याला फोन केला तर म्हणाला सर्व्हर अपडेट झालाय, २,४९९ भरा. भरले. आईसाठी भरले, दुसरं काही नाही. काही आठवडे चाललं, परत तेच, आणि आता माझा नंबर ब्लॉक.

कंपनीला मेल केला तर उत्तर इंग्रजीत गोडगोड, की अकाउंट ज्याचं आहे त्यानंच आमच्याशी संपर्क करावा. अरे, तोच तर चोर आहे! पोलिसांकडे गेलो तर हवालदार साहेब म्हणतात, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कशी? सिव्हिल मॅटर आहे." सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणतात ओटीपी कुणाला दिला का, लिंक उघडली का, नाही म्हटल्यावर त्यांचा फॉर्मच पुढं सरकेना, कारण पैसे मी स्वतःच्या हातानं यूपीआय केलेले, वर विचारतात "डिस्कवर पिक्चर ओरिजिनल आहेत का?" म्हणजे त्यानं फुकट भरून दिलेले पिक्चर, जे मी मागितलेही नव्हते, त्याचा आरोपी मीच! सिनियर सिटिझनला बाकावर बसवून ठेवायचं, साहेब राउंडला गेलेत, साहेब बंदोबस्ताला आहेत, साहेब आले की जेवायला गेलेत. ग्राहक तक्रारीची चौकशी करायला गेलो तिथल्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणतो बिल नाही तर केस नाही. हे चक्क खोटं आहे. बिल न देणं हाच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, २ वर्षांच्या आत दाखल करायचं, ऑनलाइन होतं. हे मला एका वकील मित्रानं सांगितलं, ज्यांचं काम आहे त्यांनी नाही. 'बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल' हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवलाय, तोच तक्रारीला जोडलाय. तुम्हीही चॅट डिलीट करू नका.

भाच्यानं डिस्क काढून लॅपटॉपला लावली, फाइल्स सगळ्या जागेवर होत्या. आता बॉक्सवर जेलीफिन नावाचं तसंच दुसरं सॉफ्टवेअर टाकलंय, ते फुकट आहे आणि युजर-पासवर्ड आपल्याच मशीनवर राहतो, बाहेर कुणाला विचारावं लागत नाही. नेट काढून, सगळं रीस्टार्ट करून बघितलं, लागतं. दिसायला जरा साधं आहे.

ज्यांच्याकडे असा बॉक्स आहे त्यांनी आजच सेटिंगमध्ये जाऊन अकाउंटचा ईमेल कुणाचा आहे ते बघा. तुमचा नसेल तर आधी बॉक्सचं नेट तोडा, कारण अकाउंटवाल्याला तुम्ही काय लावता ते दिसतं, आणि फाइल डिलीट करायची सेटिंग चालू असेल तर तो फाइल उडवू पण शकतो. काकांना सांगितलं, ते म्हणतात माझं चालतंय ना.

भाच्याच्या नंबरवरून काल त्या दुकानवाल्याचा स्टेटस बघितला. गणपती ऑफर, २९,९९९ फक्त, लाइफटाइम, नेटची गरज नाही.