दंडाचा स्नायू आणि हृदय: कॅल्शियमचं दार कोण उघडतं?

स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. त्याचा साठा दोन्हीकडे पेशीच्या आतल्या जाळीदार पिशवीतच. फरक दार उघडण्यात. दंडाच्या स्नायूत पेशीपटलावरचं व्होल्टेज ओळखणारं प्रथिन पिशवीच्या दाराला थेट जोडलेलं असतं. ते हललं की दार उघडतं, बाहेरच्या कॅल्शियमची वाट पाहावी लागत नाही. हृदयात मात्र आधी थोडं कॅल्शियम बाहेरून आत यावं लागतं. विरजणाच्या चमचाभर दह्यासारखं, मोठं काम पुढे आतला साठा करतो. म्हणून तर १८८३ मध्ये ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर यांना दिसलं, की कॅल्शियम नसलेल्या क्षारद्रावात बेडकाचं हृदय मंदावत थांबतं. मला हीच व्यवस्था जास्त भन्नाट वाटते.

आकुंचनानंतरची आवराआवर साधारण सारखी: पंप एका एटीपीवर (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) दोन कॅल्शियम आयन परत पिशवीत भरतो. हृदय शिवाय तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर सोडतं.