गोड गोष्ट, कोरडा आवाज

हलक्याफुलक्या प्रेमकथेचा शेवट पहिल्या प्रकरणातच कळलेला असतो. दोघं भांडणार, गैरसमज होणार, पाऊण पुस्तक संपता संपता दुरावणार आणि मग एकत्र येणार. छापील पुस्तकात कंटाळवाणी पानं डोळ्यांनी झरझर ओलांडता येतात. ऑडिओबुक ऐकताना ती सोय नाही, आठ-दहा तास एकच माणूस कानाशी बोलत राहतो. म्हणून या प्रकारात लेखकापेक्षा निवेदकाचं नाव आधी बघावं. ऑडिबल या ऑडिओबुकच्या ॲपवर त्या नावावर बोट ठेवलं की त्या आवाजातली सगळी पुस्तकं समोर येतात. लेखकाच्या यादीपेक्षा ही यादी जास्त उपयोगाची.

निवेदक निवडताना माझा आग्रह एकच असतो: गोड गोष्टीला गोड आवाज नको. गोडवा मजकुरातच ठासून भरलेला असतो. प्रत्येक वाक्य हसऱ्या ओठांनी वाचणारी निवेदिका म्हणजे श्रीखंडावर वरून साखर भुरभुरणं. पहिली वीस मिनिटं छान वाटतं, दुसऱ्या तासाला कान किटतात.

कोरडेपणाचा उत्तम नमुना म्हणजे ज्युलिया वेलन. एमिली हेन्रीच्या कादंबऱ्या तिनेच वाचल्या आहेत. त्यातली 'बीच रीड' (२०२०, साधारण दहा तास) पहिल्यांदा ऐकावी. मिशिगनमध्ये शेजारी-शेजारी घरांत राहणारे दोन लेखक. ती, जॅन्युअरी, प्रेमकथा लिहिणारी, तो, गस, गंभीर कादंबऱ्या लिहिणारा, आणि दोघांत पैज लागते की या उन्हाळ्यात एकमेकांच्या प्रकारात लिहून दाखवायचं. सगळं निवेदन नायिकेच्या तोंडी आहे, त्यामुळे नायकाचं प्रत्येक वाक्य बाईच्याच आवाजात येतं. इथे बहुतेक निवेदिका फसतात. पुरुषाचं बोलणं म्हणून त्या आवाज घशात खाली दाबतात, त्याची घरघर होते आणि देखणा नायक सर्दी झाल्यासारखा बोलू लागतो. वेलन पट्टी जेमतेम अर्धी पायरी उतरवते. बदलते ती गती. गसची वाक्यं आखूड, शेवट न ओढलेली, शब्दांमध्ये श्वास कमी. जॅन्युअरीची वाक्यं धावती, मध्येच स्वतःला अडवणारी. दोन मिनिटांत कान 'कोण बोलतंय' हे विचारायचं सोडून देतो. 'ती म्हणाली', 'तो म्हणाला' हे तुकडेही ती सपाट, जवळजवळ गिळून टाकत वाचते, आणि ते तसेच वाचायचे असतात.

याच पुस्तकात दोघं आपापल्या खिडकीतून वहीवर लिहून एकमेकांना दाखवतात. लिहिलेलं वाक्य आणि बोललेलं वाक्य वेगळं ऐकू यायला हवं. लिहिलेल्या वाक्यात चढउतार कमी, शब्द सुटे सुटे, कारण वाचणारा ते लांबून लावत असतो. निवेदक कसलेला आहे की नाही हे अशा जागी कळतं. जाता जाता, वेलनने ऑडिओबुकच्या निवेदकांवरच एक प्रेमकथा लिहिली आहे, 'थँक यू फॉर लिसनिंग' (२०२२), आणि वाचलीही स्वतःच. स्टुडिओतलं काम आतून कसं चालतं याची उत्सुकता असेल तर ती जरूर ऐका.

'बीच रीड'बद्दल दोन सूचना. वडिलांच्या मृत्यूचं दुःख गोष्टीत बरंच खोल आहे, त्यामुळे सगळाच मामला हसराखेळता नाही. आणि शयनगृहाचं दार लेखिका लावून घेत नाही. स्वयंपाकघरात स्पीकरवर लावून पोळ्या लाटण्याचं हे पुस्तक नव्हे. निदान सासूबाई घरात असताना तरी नाही.

दोन आवाजांची पुस्तकं हवी असतील तर आधी प्रकार समजून घ्यावेत. जाहिरातीत सगळ्यालाच 'मल्टिपल नॅरेटर्स' म्हणतात आणि तिथे फसगत होते. एक प्रकार 'ड्युअल': नायिकेची प्रकरणं बाई वाचते, नायकाची पुरुष, पण आपापल्या प्रकरणात दोघं सगळ्यांचेच संवाद म्हणतात. दुसरा 'ड्युएट': प्रकरण कुणाचंही असो, नायकाचं वाक्य पुरुषच म्हणतो आणि नायिकेचं बाई. तिसरा पूर्ण नटसंच, म्हणजे आपल्या आकाशवाणीच्या श्रुतिकेच्या जवळचा.

ड्युएट कानाला सर्वात मोहक वाटतो आणि फसतोही तोच सर्वात जास्त. दोघं निवेदक सहसा एका खोलीत बसून वाचत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळ्या शहरांत ध्वनिमुद्रण होतं आणि नंतर संवाद जोडले जातात. प्रत्येक खोलीला स्वतःची एक शांतता असते. त्या दोन शांतता जुळवल्या नाहीत तर हेडफोनवर प्रत्येक वाक्याला खोली बदलल्यासारखी वाटते. त्यात भांडणाच्या प्रसंगात ती तावातावाने बोलते आणि तो अर्धा सेकंद थांबून शांतपणे उत्तर देतो, कारण तिने ते कसं म्हटलंय हे त्याने ऐकलेलंच नसतं. हा दोष विकत घेण्याआधी ऐकता येणाऱ्या नमुन्यात कळतो. एकमेकांना तोडून बोलण्याची जागा शोधायची. तिथे वाक्यं खरोखर एकमेकांवर चढली तर जोडणाऱ्याने मेहनत घेतली आहे असं समजावं.

ड्युअलमध्ये भरवशाचं नाव बेथ ओलिअरीचं 'द फ्लॅटशेअर' (२०१९). लंडनमध्ये एकच फ्लॅट, एकच पलंग, भाडेकरू दोन. लिऑन रुग्णालयात रात्रपाळीचा नर्स, टिफी दिवसा प्रकाशनसंस्थेत. महिनोन् महिने दोघांची गाठ चिकटचिठ्ठ्यांवरच पडते. टिफी कॅरी होप फ्लेचरने वाचली आहे आणि लिऑन क्वाकू फॉर्च्यूनने. छापील पुस्तकात लिऑनची प्रकरणं बऱ्याच वाचकांना खुपतात, कारण त्याच्या वाक्यांतून 'मी' गळालेला असतो आणि संवाद नाटकाच्या संहितेसारखे मांडलेले असतात. ऑडिओत हीच अडचण फायद्याची ठरते. फॉर्च्यूनच्या तोंडी ती तुटक वाक्यं रात्रभर जागलेल्या, मुळातच कमी बोलणाऱ्या माणसाची वाटतात. फ्लेचरची टिफी भरभर आणि फुलून बोलते, आणि प्रकरण बदललं की कानाला विसावा मिळतो. ड्युअलचा जन्मजात दोष इथेही आहेच: टिफीच्या प्रकरणातला लिऑन आणि त्याच्या स्वतःच्या प्रकरणातला लिऑन हे दोन वेगळे आवाज. तासाभरात सवय होते. मात्र टिफीचा आधीचा मित्र तिच्यावर मानसिक हुकमत गाजवणारा आहे आणि तो धागा शेवटपर्यंत जातो. कुणाला सुचवताना हे आधी सांगावं.

घरात सगळ्यांसमोर स्पीकरवर चालेल असं आधुनिक पुस्तक म्हणजे ग्रेम सिम्सिअनचं 'द रोझी प्रोजेक्ट' (२०१३), डॅन ओग्रेडीच्या आवाजात, साधारण साडेसात तास. मेलबर्नमधला अनुवंशशास्त्राचा प्राध्यापक डॉन टिलमन बायको शोधायला सोळा पानी प्रश्नावली तयार करतो. उपाहारगृहात जॅकेट सक्तीचं आहे असं त्याला दारात सांगतात. तो अंगातल्या गोर-टेक्सच्या पावसाळी जॅकेटकडे बोट दाखवून त्याचे गुणधर्म समजावू लागतो आणि प्रकरण हातघाईवर जातं. ओग्रेडी हा प्रसंग विनोदी करून वाचतच नाही. डॉनला आपलं म्हणणं सरळ आणि रास्त वाटतंय, एवढंच आवाजात असतं. हसू ऐकणाऱ्याच्या बाजूला फुटतं. निवेदकानेच आधी हसून घेतलं असतं तर हा प्रसंग मेला असता. ऑस्ट्रेलियन उच्चारांना मात्र पहिला अर्धा तास द्यावा लागतो. तोवर वेग वाढवू नये.

आता या साऱ्या प्रकाराची आजी: जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', १८१३. स्वामित्वहक्क कधीच संपल्यामुळे तिची ध्वनिमुद्रणं पैशाला पासरी आहेत आणि निवेदकांची तुलना करायला याहून चांगलं पुस्तक नाही. पूर्ण पुस्तक लावायची गरज नाही, तीन प्रकरणं पुरतात. १९वं, ज्यात पाद्री कॉलिन्स नायिका एलिझाबेथला मागणी घालतो: इथे निवेदकाला विनोद पेलतो का ते दिसतं. ३४वं, नायक डार्सीची पहिली मागणी: इथे राग आणि ओढ एकाच वेळी ऐकू यायला हवी. ३५वं, डार्सीचं लांबलचक पत्र: अभिनयाला वावच नाही, नुसतं वाचन. पहिल्या दोन्हींत बाजी मारणारे बरेच जण तिसऱ्यात झोपवतात.

रोझमंड पाइकचं ऑडिबलचं वाचन (२०१५) या तिन्हींत टिकतं. २००५च्या चित्रपटात नायिकेची बहीण जेन झालेली तीच ही अभिनेत्री. तिचा खरा जोर पात्रांपेक्षा निवेदनाच्या वाक्यांत आहे. ऑस्टिनचे चिमटे ती भुवईसुद्धा न उचलता काढते. नायिकेची आई मिसेस बेनेट किंचाळवताना ती हात राखून किंचाळवते, हे फार महत्त्वाचं. एकसष्ट प्रकरणांच्या पुस्तकात त्या बाई खऱ्याच किंचाळल्या तर दर दहा मिनिटांनी आवाज कमी-जास्त करत बसावं लागेल. नॅक्सॉस या ऑडिओबुक प्रकाशकाची आवृत्ती एमिलिया फॉक्सची. १९९५च्या बीबीसी मालिकेत ती डार्सीची बहीण जॉर्जियाना होती. तिचं वाचन अधिक हलकं, कोवळं. एलिझाबेथ तिथे खरोखर विशीची वाटते, पण उपरोध थोडा पातळ होतो.

फुकटात हवं असेल तर लिब्रिव्हॉक्स. २००५ पासून स्वयंसेवक तिथे हक्कमुक्त पुस्तकं वाचतात. एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या असतात आणि काहींत दर प्रकरणाला वाचणारा बदलतो. त्या टाळाव्यात, 'सोलो' शोधाव्यात. कॅरन सॅव्हेजचं वाचन स्वच्छ, चपळ आणि पैसे मोजून घेतलेल्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा सरस आहे. गैरसोय एकच, प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी 'हे लिब्रिव्हॉक्सचं ध्वनिमुद्रण आहे' ही घोषणा. जागेचा हिशेब असा: ६४ केबीपीएसच्या (हे ध्वनीच्या दर्जाचं माप) फाइलला तासाला साधारण २९ एमबी लागतात, १२८ला त्याच्या दुप्पट. नुसत्या बोलण्याला ६४ पुरते. फक्त 'स' आणि 'श' किंचित चरचरतात.

ऐकण्याच्या वेगाबद्दल थोडं स्पष्टच बोलायला हवं. इंग्रजी निवेदनात तासाला साधारण ९,३०० शब्द होतात, म्हणजे मिनिटाला दीडशेच्या वर. १.२५ पटीने दहा तासांचं पुस्तक आठ तासांत होतं आणि काही बिघडत नाही. १.५ला बिघडतं, कारण शब्दांबरोबर थांबेही आखडतात. कबुलीच्या आधीचा सव्वा सेकंदाचा विराम पाऊण-एक सेकंदावर येतो आणि प्रेमाची कबुली स्टेशनवरच्या उद्घोषणेसारखी लागते. रहस्यकथेत हे खपतं. प्रेमकथेत त्या थांब्यांचेच तर पैसे मोजलेले असतात. 'शांतता गाळा' अशी सोय प्लेअरमध्ये असेल तर ती आधी बंद करावी. लोकलच्या गर्दीत कुजबुजीचे प्रसंग ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला, तर पुढच्याच भांडणाला कान बधिर होतात. त्यावर रबरी टोकाचे, कान नीट बंद करणारे इअरफोन हाच इलाज. बास वाढवला तर पुरुषी आवाज नुसता घुमतो.

ऑडिबलवर 'व्हर्च्युअल व्हॉइस' असा शिक्का दिसला तर ती यंत्राने वाचलेली प्रत असते. उच्चार स्वच्छ, पण टोमणा आणि माहिती एकाच चालीत. पाककृतीसाठी ठीक असेल.

मराठीत २०१७पासून स्टोरीटेल या ॲपमुळे ऐकण्याची पुस्तकं भरपूर झाली आणि आवाजही कसलेले आहेत. अडचण निराळीच आहे. आपले निवेदक बरेचदा रंगभूमीवरून येतात आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय घेऊनच मायक्रोफोनसमोर बसतात. आपल्या कानांवरही कथाकथनाचे संस्कार आहेत. वपु, मिरासदार, शंकर पाटील समोरच्या सभागृहाला सांगत, हशा घेत, थांबत. ती कला मोठीच, पण इअरफोनमध्ये सभागृह नसतं. 'मला तू आवडतेस' हे वाक्य चार इंचांवरून ऐकायचं असतं, आणि ते तसंच म्हणणारे निवेदक मराठीत अजून मोजके आहेत. दुसरी खोड पार्श्वसंगीताची. नायिका गॅलरीत आली की बासरी सुरू. निवेदक आवाजानेच काम करू शकत असताना त्याच्याखाली बासरी घालणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. तिसरी, कोल्हापूरकडचा नायक सदाशिव पेठेत वाढल्यासारखा बोलतो. पूर्ण बोली नको, पण एखादा 'व्हय' किंवा 'काय ओ' मजकुरात लेखकाने लिहिलेला असताना तरी तो इस्त्री करून वाचू नये.

विकत घेण्याआधी नमुना ऐकतानाही जरा चलाखी हवी. नमुना बहुधा पुस्तकाच्या सुरुवातीचा असतो. तिथे वर्णन जास्त, संवाद कमी, आणि वर्णन कुणालाही वाचता येतं. त्यात दोन पात्रांचं बोलणं आलंच नाही तर त्याच निवेदकाचं दुसरं पुस्तक उघडून त्याचा नमुना ऐकावा, आणि भांडण सापडेपर्यंत पुढचा उघडत जावं.