विंडसर की टॉवर ऑफ लंडन? राजकिल्ल्यासाठी एकच दिवस हाती असेल तर

लंडनच्या मुक्कामात राजकिल्ला पाहण्यासाठी एकच दिवस राखता येत असेल, तर निवड बहुधा दोन ठिकाणांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे शहरातच थेम्सच्या काठी उभा असलेला टॉवर ऑफ लंडन आणि दुसरे म्हणजे पश्चिमेला सुमारे तासाभराच्या रेल्वेप्रवासावर असलेला विंडसरचा किल्ला. दोन्हींचा मूळ कर्ता एकच आहे. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर विजेत्या विल्यमने राजधानीवर वचक बसवण्यासाठी टॉवर बांधायला घेतला आणि लंडनकडे येणारी पश्चिमेची वाट राखण्यासाठी, तिथून एका दिवसाच्या कूचाच्या अंतरावर, विंडसरला टेकडीवर गढी उभारली. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी टॉवरमधून राजाची मिरवणूक निघण्याची प्रथा १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सबरोबर संपली आणि ती वास्तू शस्त्रागार, तुरुंग व खजिना म्हणूनच ओळखली जाऊ लागली, तर विंडसरमध्ये राजघराण्याचे वास्तव्य आजही आहे. माझ्या मते निवडीचा खरा आधार हाच असायला हवा: राजसत्तेने काय केले हे पाहायचे आहे, की ती कशी राहते हे?

टॉवरमध्ये घटना पाहायला मिळतात. आठव्या हेन्रीची राणी ॲन बुलिन हिचा शिरच्छेद १९ मे १५३६ रोजी याच तटबंदीच्या आत झाला आणि १५५४ मध्ये अवघ्या नऊ दिवसांची राणी ठरलेल्या लेडी जेन ग्रेचाही येथेच झाला. १४८३ मध्ये येथे ठेवलेले दोन अल्पवयीन राजपुत्र पुन्हा कोणाला दिसले नाहीत. हा सारा इतिहास सांगण्याचे काम येथील यॉमन वॉर्डर, म्हणजे टॉवरचे पारंपरिक रक्षक, करतात. सैन्यात किमान बावीस वर्षे सेवा केलेली ही मंडळी कुटुंबासह किल्ल्यातच राहतात आणि त्यांची मार्गदर्शित फेरी तिकिटातच समाविष्ट असते. ती चुकवू नये, कारण तिच्याशिवाय टॉवर म्हणजे नुसत्या दगडी भिंतींचा समूह वाटण्याची शक्यता असते. सुमारे २७ मीटर उंचीच्या व्हाइट टॉवरमधील आठव्या हेन्रीची चिलखते आणि आवारात पाळलेले डोमकावळे यांमुळे लहान मुलेही येथे रमतात.

भारतीय पाहुण्याची पावले मात्र आपोआप राजरत्नांच्या दालनाकडे वळतात. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर लाहोरच्या तहानुसार बालमहाराजा दुलीपसिंग यांच्याकडून घेतलेला कोहिनूर येथे राजमातेच्या, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईच्या, मुकुटात बसवलेला आहे. १८५२ मध्ये तो पुन्हा पैलू पाडून सुमारे १८६ कॅरेटवरून १०५.६ कॅरेटवर आणण्यात आला. त्याच दालनातील राजदंडात ५३० कॅरेटचा कलिनन हिरा असल्यामुळे कोहिनूर आकाराने तुलनेत लहान भासतो, परंतु त्याच्यासमोर उभे राहताना मनात जे येते ते आकारावर अवलंबून नसते. येथे छायाचित्रणास बंदी आहे आणि मुख्य मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावरून जावे लागते, म्हणून सकाळी किल्ला उघडताच प्रथम येथेच यावे. दुपारी रांग फार लांबते.

विंडसरला घटनांपेक्षा वास्तूच अधिक बोलते. २० नोव्हेंबर १९९२ रोजी लागलेल्या आगीत येथील शंभरहून अधिक खोल्यांची हानी झाली आणि पाच वर्षांच्या कामानंतर १९९७ मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला. त्या खर्चाला हातभार लावण्यासाठीच १९९३ पासून बकिंगहॅम राजवाडा लोकांना पाहण्यासाठी उघडण्यात आला. सेंट जॉर्ज सभागृहाचे छत आगीनंतर ओक लाकडात नव्याने घडवले आहे. जुन्या सुतारकामाची परंपरा आजही किती समर्थ आहे, हे त्याच्याकडे पाहिल्यावर पटते. वॉटर्लू दालनातील अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला आहे. श्रीरंगपट्टणच्या १७९९ मधील पाडावानंतर आलेले टिपू सुलतानाच्या सिंहासनाचे सोनेरी व्याघ्रमुखही याच किल्ल्यात आहे. कोहिनूरइतकी त्याची चर्चा होत नाही. वास्तविक व्हायला हवी.

आवारातील सेंट जॉर्ज चॅपल या प्रार्थनामंदिरासाठी वेगळा वेळ ठेवावा. १४७५ मध्ये चौथ्या एडवर्डने त्याचे बांधकाम सुरू केले. आठवा हेन्री, शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स आणि २०२२ मध्ये निधन पावलेल्या दुसऱ्या एलिझाबेथ राणी यांची दफनस्थळे तेथेच आहेत.

वेळेचा हिशेब दोन्हीकडे निराळा आहे. टॉवर हिल हे भुयारी रेल्वेचे स्थानक टॉवरच्या समोरच असल्याने तीन-चार तासांत तो समाधानाने पाहून होतो. विंडसरसाठी मात्र पूर्ण दिवस द्यावा. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून थेट गाडी मिळते. पॅडिंग्टनहून निघाल्यास स्लाउ येथे गाडी बदलावी लागते. किल्ला सर्वसाधारणपणे मंगळवारी व बुधवारी पाहुण्यांसाठी बंद असतो आणि रविवारी चॅपल केवळ उपासनेसाठी खुले असते. म्हणजे सोमवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार हेच खऱ्या अर्थाने पूर्ण दिवस ठरतात. शाही समारंभांमुळेही किल्ला मध्येच बंद राहू शकतो, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी अधिकृत वेळापत्रक पाहणे अत्यावश्यक आहे. ज्येष्ठांना टॉवरमधील गोल, अरुंद जिने त्रासदायक ठरतात. विंडसरला सुरुवातीचा चढ आहे, पण तो चढून गेल्यावर पुढचे फिरणे सुसह्य होते.

बरोबर मुले असतील किंवा दुपारनंतर शहरात दुसरे काम असेल, तर टॉवरच निवडावा. अशी अडचण नसेल आणि वरीलपैकी एखादा दिवस मोकळा असेल, तर मी निःसंकोचपणे विंडसर सुचवीन, कारण टॉवरची कहाणी वाचूनही बऱ्याच अंशी कळते, परंतु विंडसरच्या दालनांची भव्यता तेथे उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. तेथे गेल्यावर चॅपल दुपारी चारपूर्वी पाहून घ्यावे आणि किल्ल्याच्या दक्षिणेकडून निघणाऱ्या चार किलोमीटरहून अधिक लांबीच्या लाँग वॉकवर फिरणे परतीच्या गाडीआधीसाठी ठेवावे. त्या रस्त्यासाठी तिकीट लागत नाही.